परसातल्या कोंबड्यांसाठी जागेचा हिशेब: खुराडे, जाळीचे अंगण आणि दांडा

परसात चार-सहा कोंबड्या पाळायचे ठरले की बहुतेक जण आधी कोंबड्या पसंत करतात आणि मग त्या कुठे ठेवायच्या याचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा असावा. आधी जागा मोजावी, जागेवरून संख्या ठरवावी आणि संख्या ठरल्यावर कडकनाथ जातीची घ्यायची की वनराजा जातीची या चर्चेला बसावे. शिवाय जागा मोजताना डोळ्यांसमोर हिवाळ्यातली प्रसन्न दुपार आणू नये, कारण त्या दुपारी कोंबड्या साऱ्या परसात पांगलेल्या असतात आणि कोणतेही खुराडे मोठेच वाटते. विचार करावा तो श्रावणातल्या अशा आठवड्याचा, ज्यात झड लागलेली आहे, माळव्याच्या काळ्या मातीचा लगदा झालेला आहे आणि सगळ्या कोंबड्या सकाळपासून रात्रीपर्यंत छपराखालीच आहेत. त्या आठवड्यात जितक्यांना पुरेल तितक्याच कोंबड्या इंदूरच्या परसात पाळाव्यात.

मोजपट्टी हातात घेण्यापूर्वी दोन चौकश्या कराव्यात. वसाहतीची गृहनिर्माण संस्था असल्यास तिची लेखी संमती घ्यावी आणि महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात सध्याचा नियम विचारावा. शेजाऱ्यांशी आधीच बोललेले बरे. आपल्याकडच्या अनेक गल्ल्यांत निम्मी घरे शाकाहारी असतात आणि त्यांचा आक्षेप कोंबडीपेक्षा वासाला आणि आरवण्याला असतो. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही. तो फक्त पिल्ले हवी असल्यास लागतो. तेव्हा पहाटेच्या आरवण्याचा प्रश्न कोंबडा न आणण्याने सुटतो, आणि वासाचा प्रश्न पुष्कळसा जागेच्या आखणीने सुटतो.

आकडे आणि त्यांचा अर्थ

परसातल्या मध्यम वजनाच्या कोंबडीला बंद खुराड्यात सुमारे ४ चौरस फूट आणि जाळीच्या अंगणात सुमारे १० चौरस फूट जागा द्यावी, हा सर्वसाधारण दंडक आहे. व्यापारी पोल्ट्रीत गादी पद्धतीवर, म्हणजे जमिनीवर भुशाचा थर पसरून, अंड्यांच्या कोंबडीला दोन-अडीच चौरस फूटच देतात, आणि तो आकडा वाचून काही जण आपल्या खुराड्यात दुप्पट कोंबड्या भरतात. मात्र तिथे बहुधा चोची छाटलेल्या असतात, उजेड मोजून दिलेला असतो, सगळ्या कोंबड्या एकाच वयाच्या आणि एकाच जातीच्या असतात आणि देखरेखीला माणसे असतात. घरच्या कळपात तसे काही नसते. जागा कमी पडली की वरचढ कोंबडी दुबळीला खाण्यापासून हुसकावते, मग पिसे उपटण्याची सवय लागते, आणि एकदा कातडीतून रक्त दिसले की बाकीच्याही तिथेच टोचतात. ही सवय लागल्यावर मोडणे फार कठीण जाते. ती लागू न देणे हे बऱ्याच अंशी जागेवर अवलंबून असते.

जातीप्रमाणे हे प्रमाण थोडे बदलते. झाबुआची कडकनाथ, जिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ती अंगाने हलकी आहे. पूर्ण वाढलेली मादी साधारण सव्वा ते दीड किलोची भरते. तिला बसायला जागा कमी लागते. पण ती चपळ आणि उडणारी असल्यामुळे पाच फुटांचे उघडे कुंपण तिला अडवू शकत नाही. वनराजा तिच्याहून बरीच जड असते, फारशी उडत नाही, आणि तिला दांड्यावर (म्हणजे रात्री बसायच्या आडव्या काठीवर) व दांड्याखाली दोन्हीकडे अधिक मोकळीक लागते. दोन्ही एकत्र पाळायच्या असतील तर जागेचे माप वनराजाचे घ्यावे आणि कुंपणाची उंची कडकनाथची.

आता प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. सुदामानगरासारख्या वसाहतीतल्या घरामागे पूर्व-पश्चिम १२ फूट आणि दक्षिणोत्तर १० फूट असा तुकडा मोकळा आहे, असे धरू. घराच्या बाजूने ३ फुटांची वाट आपल्या येण्याजाण्यासाठी सोडली की १२ बाय ७ फूट, म्हणजे ८४ चौरस फूट उरतात. त्यातले पश्चिमेकडचे ४ बाय ७ फूट खुराड्याला आणि उरलेले ८ बाय ७ फूट जाळीच्या अंगणाला दिले, तर २८ आणि ५६ चौरस फूट होतात. सहा कोंबड्यांना खुराड्यात प्रत्येकी साडेचार फुटांहून थोडे अधिक आणि अंगणात नऊ फुटांहून थोडे अधिक मिळते. अंगणाचा आकडा दहापेक्षा किंचित कमी आहे. तो चालेल, पण एका अटीवर: साऱ्या अंगणावर पक्के छप्पर हवे, म्हणजे झडीच्या दिवसांतही कोंबडीमागे १४ चौरस फूट कोरडी जागा राहील. याच तुकड्यात आठ कोंबड्या बसवण्याचा मोह होतो. कागदावर त्यांनाही साडेदहा चौरस फूट येतात. मात्र रात्रीचा दांडा त्यांना पुरत नाही, हे पुढे दिसेल.

दिशा, जमीन आणि छप्पर

कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते. इंदूर त्याच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारचा सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कललेला असतो. खुराडे आणि अंगण मिळून लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, तर उन्हाळ्यात उन्हाचा मारा मुख्यतः छपरावर पडतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरपे, हवेसे ऊन आत येते. पश्चिमेची बाजू मात्र दोन्ही ऋतूंत त्रासाची: मे महिन्यात तिथून दुपारनंतरचे ऊन येते आणि पावसाळ्यात तिथूनच वाऱ्यासह सरी घुसतात. म्हणूनच वरच्या आखणीत खुराडे पश्चिमेला घेऊन त्याची पश्चिम भिंत बंद ठेवली आहे. ही भिंत नुसत्या पत्र्याची करू नये. फळ्या किंवा बांबूच्या चटया चालतील, आणि बाहेरून फूटभर अंतरावर शेडनेट ताणून त्यावर गिलक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवला तर भिंत संध्याकाळी तापलेली राहत नाही. उत्तर आणि दक्षिण बाजू दीड-दोन फुटांच्या बंद पट्टीच्या वर छपरापर्यंत जाळीच्या असाव्यात.

थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेली पुस्तके इथे जपून वाचावीत. त्यांचा सारा भर थंडी अडवण्यावर असतो. आपली अडचण नेमकी उलटी आहे. कोंबडीला घाम येत नाही. तापमान तिशीच्या वर जाऊ लागले की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते आणि खाणे कमी करते. चाळिशीच्या वर, हवा कोंडलेल्या खुराड्यात ती दगावू शकते. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही बऱ्यापैकी थंडावतात, पण तो गारवा आत येण्यासाठी भिंती उघड्या हव्यात. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ताडपत्रीचा पडदा लावावा, परंतु तो वरून खाली सोडण्यापेक्षा खालून वर ओढण्याची सोय करावी, म्हणजे दांड्यावर बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर झोत येत नाही आणि छपराखालची पट्टी उघडी राहून दमट हवा बाहेर जाते. पिसे फुगवून बसलेली निरोगी कोंबडी कोरड्या थंडीला डगमगत नाही.

छप्पर ज्या बाजूला कमी उंच असेल तिथेही सहा फूट असावे. यामागे कोंबड्यांइतकाच आपल्या पाठीचा विचार आहे, कारण जिथे वाकून झाडावे लागते तिथले झाडणे रोज उद्यावर जाते. पत्रा घातल्यास त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत आणि उन्हाळ्यात वर गवत किंवा तुराट्या पसराव्यात. दक्षिण आणि उत्तर दोन्हीकडे दोन-अडीच फुटांची पागोळी पुढे काढावी आणि तिचे पाणी आपल्या वाटेवर किंवा शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाही, असा उतार द्यावा.

काळ्या मातीत खांब रोवताना घाई करू नये. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे फूटभर खोल गाडलेला खांब पहिल्याच पावसाळ्यात कलतो आणि दार चौकटीत अडकू लागते. खड्डा दोन-अडीच फूट खोल घेऊन त्यात मुरूम ठोकून भरावा आणि मगच खांब उभा करावा. खुराड्याची जमीन भोवतालापेक्षा एक फूट उंच घ्यावी. खाली मुरूम, वर फरशी. फरशीमुळे झाडलोट सोपी होते हे खरेच, पण तिचा मोठा फायदा घुशींपासून आहे. घूस एका रात्रीत भुसभुशीत जमिनीतून वर येते आणि खाद्य, अंडी, लहान पिल्ले सगळ्यांवर हात मारते.

दांडा

या साऱ्या आखणीत सर्वात कमी लक्ष दांड्याकडे दिले जाते. दिवसा कोंबड्या एकमेकींना टाळू शकतात. अंधार पडल्यावर मात्र सगळ्या एकाच ओळीत, खांद्याला खांदा लावून बसतात, आणि कळपात कोण वरचढ आणि कोण दबलेली हे तेव्हा उघडे पडते. दिवेलागणीच्या वेळी दाराशी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. पहिली कोंबडी उडी मारून मधली जागा धरते, दुसरी तिच्या शेजारी बसते, तिसरी चढते तेव्हा कडेची टोच खाऊन सरकते, आणि शेवटची मान वर करून दांड्याकडे पाहत खाली येरझाऱ्या घालते. तिला जागा मिळाली नाही तर ती अंड्यांच्या पेटीत जाऊन झोपते आणि सकाळी पेटीतला भुसा घाण झालेला सापडतो.

मध्यम कोंबडीला दांड्यावर ८ ते १० इंच जागा लागते. जड जातीला एक फूट. आपल्या हवेत मी किमान १० इंचांचा आग्रह धरीन, कारण उन्हाळ्याच्या रात्री कोंबड्या आपणहून अंतर ठेवून बसतात. वरच्या उदाहरणात पश्चिम भिंतीला समांतर ७ फुटांचा, म्हणजे ८४ इंचांचा एक दांडा बसतो. दोन्ही टोकांना सहा-सहा इंच भिंतीलगत वाया जातात, कारण तिथे बसल्यास शेपूट आणि पंख घासतात. उरले ७२ इंच. सहा कोंबड्यांना प्रत्येकी एक फूट येतो. सातवीपर्यंत कसेबसे निभते. आठवीला १० इंच उरत नाहीत. दुसरा दांडा लावावा म्हटले तर तो पहिल्यापासून किमान एक ते सव्वा फूट दूर आणि त्याच उंचीवर असावा लागतो. तो खाली लावला तर वरच्या दांड्यासाठी रोज भांडण होते आणि खालच्यांच्या पाठीवर विष्ठा पडते. चार फूट खोलीच्या खुराड्यात दुसरा दांडा आला की उतरायला जागा राहत नाही. आठ कोंबड्यांचा बेत इथे संपतो.

उंचीचा नियम सोपा आहे: दांडा जितका उंच, किमान तितकी जागा पुढे उतरण्यासाठी मोकळी असावी. भिंतीपासून सव्वा फूट सोडून अडीच फूट उंचीवर दांडा लावला तर चार फुटांच्या खोलीत पुढे पावणेतीन फूट उरतात आणि कोंबडी सरळ खाली न आदळता तिरकी उतरते. जड कोंबडी रोज उंचावरून फरशीवर आदळत राहिली की तळव्याला इजा होते, तिथे गाठ धरते आणि ती लंगडू लागते. वनराजासाठी हीच उंची दीड-दोन फुटांवर आणावी. मात्र अंड्यांच्या पेट्या कोणत्याही परिस्थितीत दांड्यापेक्षा खाली असाव्यात, कारण कोंबडी झोपायला नेहमी सर्वात उंच जागा शोधते.

दांड्यासाठी दीड ते दोन इंच जाडीचे, कडा गोल केलेले लाकूड सर्वात चांगले. लोखंडी पाइप टिकाऊ असतो, पण तो निसरडा, हिवाळ्यात गार आणि उन्हाळ्यात तापलेला असतो. बांबू स्वस्त आहे आणि चालतोही, फक्त त्याची पोकळ टोके सिमेंटने किंवा लाकडी खुंटीने बंद करावीत आणि फाटलेला बांबू वापरू नये. कोंबड्यांच्या गोचिडी दिवसा अशाच फटींत दडून बसतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. दांडा खिळ्यांनी पक्का न करता दोन खाचांत बसवला तर महिन्यातून एकदा काढून उन्हात टाकता येतो आणि टोके नीट पाहता येतात. कोंबड्यांची अंडी एकाएकी घटली, तुरे फिके पडले आणि दिवसा मात्र अंगावर काही दिसत नसेल, तर रात्री विजेरी घेऊन दांड्याची खालची बाजू तपासावी.

रात्रभराची विष्ठा दांड्याखालीच पडते. तिथे दांड्याच्या आठ इंच खाली दोन फूट रुंदीचा पत्रा आडवा बसवून रोज सकाळी खरडून घेतला, तर खुराड्यातला बराचसा ओलावा आणि वास तिथेच आटोक्यात येतो. खरडलेले थेट झाडांच्या मुळांशी टाकू नये, ते जाळते. वाळल्या पानांबरोबर ढिगात दोन-तीन महिने कुजू द्यावे. ज्या शहरात ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची शिस्त घराघरांत मुरली आहे, तिथे हे काम कुणाला नवीन वाटू नये.

अंगण, जाळी आणि भुसा

अंगणावर नुसती जाळी टाकावी की पक्के छप्पर, हा खर्चाचा प्रश्न आहे. तरी पक्क्या छपराच्या बाजूने पावसाखेरीज आणखी एक कारण आहे. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू आढळला. रानपाखरांची विष्ठा वरून खाद्यात किंवा पाण्यात पडणे हा अशा रोगाच्या प्रवेशाचा सरळ मार्ग आहे, आणि तो पत्रा अडवतो, जाळी अडवत नाही. खाद्य आणि पाणी नेहमी छपराखालीच ठेवावे.

बाजारात षट्कोनी छिद्रांची जी हलकी ‘चिकन जाळी’ मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोड पक्के केलेली चौकोनी तारजाळी, लावावी. इंदूरच्या सियागंज बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानांत ती वजनावर किंवा गुंडाळीने मिळते. त्याच्या वर साधी जाळी चालेल, मात्र मांजरे आणि बोके वरून येतात हे ध्यानात ठेवून छपराशी फट राहू देऊ नये. मुंगूस लहानशा फटीतून शिरते आणि एका रात्रीत एकापेक्षा अधिक कोंबड्या मारू शकते. त्याच्यासाठी जाळी जमिनीत एक फूट खोल गाडावी किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून तिच्यावर फरशीचे तुकडे ठेवावेत. दाराला साधी कडी न लावता फिरवून अडकणारा अडसर किंवा कुलूप असावे. खुराड्यातून अंगणात उघडणारे कोंबड्यांचे दार फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच पुरते. ते रोज रात्री बंद करावे लागते, आणि घरात ते काम कुणाचे हे आधीच ठरवावे.

अंगणाच्या एका कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद चौकट करून तिच्यात कोरडी माती, वाळू आणि मिळाल्यास चाळलेली राख भरावी. कोंबड्या तिथे लोळून अंगावरच्या उवा झटकतात. ही सोय नसेल तर त्या अंगणभर स्वतःच खड्डे पाडतात. सहा कोंबड्यांना अंड्यांच्या दोन पेट्या पुरेशा आहेत, प्रत्येकी फूटभर लांब, रुंद आणि उंच, पुढे चार इंचांची पट्टी, जागा अंधारी. पेट्या वाटेकडच्या भिंतीत बसवल्या तर अंडी बाहेरूनच काढता येतात. खाद्याच्या नळकांडीवर प्रत्येकीला चार इंच काठ मिळावा. पाणी एका कोंबडीला रोज पाव लिटरच्या आसपास लागते आणि मे महिन्यात ते दुप्पट होते, म्हणून दोन ठिकाणी ठेवावे. मातीच्या परळात ते थंड राहते.

खुराड्यात तीन इंच भुसा पसरून सुरुवात करावी आणि वेळोवेळी भर घालत जावे. सुताराकडचा रंधा मारलेला भुसा उत्तम. माळव्यात सोयाबीनचा भुसा मुबलक असतो, मात्र पावसात भिजलेला असेल तर त्यात बुरशी असते आणि ती कोंबडीच्या फुप्फुसात जाते. तो वास घेतल्याशिवाय विकत घेऊ नये. ओलावा पाहण्यासाठी मूठभर भुसा दाबावा. गोळा होऊन राहिला तर फार ओला आहे, बदलावा. हलकेच एकत्र येऊन सुटला तर ठीक. वास मात्र उभ्याने पाहू नये. कोंबडीच्या उंचीवर उकिडवे बसून श्वास घ्यावा. आपल्या डोळ्यांना झोंबत असेल तर कोंबड्या तो वायू रात्रभर घेत आहेत, आणि हवेची फट वाढवणे किंवा कोंबड्यांची संख्या कमी करणे यांपैकी एक करायलाच हवे.

एवढ्या जागेतही दोन फूट बाय तीन फुटांचा एक कोपरा जाळीने वेगळा करता येईल असे ठेवावे. आजारी कोंबडी, खुडूक बसलेली (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी आणि नव्याने आणलेल्या तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरुण कोंबड्या, या सगळ्यांना तो लागतो. नव्या तलंगा आठ-दहा दिवस जाळीपलीकडून बाकीच्यांना दिसत राहिल्या की एकत्र सोडल्यावर भांडणे कमी होतात.

बांधकाम पूर्ण झाल्यावर लगेच कोंबड्या आणू नयेत. आधी छपरावर आणि भोवताली दहा-बारा बादल्या पाणी ओतून ते कुठे जाते ते पाहावे. अंगणाकडे येत असेल तर तिथे अजून मुरूम टाकावा आणि चर काढावा. मग साधारण सोळा आठवड्यांच्या तलंगा आणून पहिला आठवडा खुराड्यातच ठेवाव्यात, म्हणजे रात्री परतण्याची जागा त्यांच्या अंगवळणी पडते. दांडा न पाहिलेल्या तलंगा सुरुवातीला कोपऱ्यात घोळका करून जमिनीवर झोपतात. अंधार पडल्यावर एकेकीला उचलून दांड्यावर ठेवावे. चार-पाच रात्रींत त्या आपणहून चढू लागतात. तरीही एखादी रोज पेटीतच झोपताना आढळली, तर तिला हाकलण्याआधी मोजपट्टी घेऊन दांड्यावर तिच्या वाट्याचे दहा इंच खरोखर मोकळे आहेत का ते मोजावे.